जितकी तोंडं तितकं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आत मला वाटतं, ही वजनात हात मारणार. नातवंडं हसतात. हसू द्या. ज्या घरात मी सून म्हणून गेले त्या घरात त्यांनी दहा वर्षं काढली असती, तर त्यांनाही सख्ख्या सावलीचा भरवसा वाटला नसता.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली माझं लग्न झालं. माहेर धुळ्याकडचं, कोरडवाहू. सासर फैजपूरजवळ, केळीच्या मुलखात. आमच्याकडे पाणी म्हणजे हंड्यातलं. इथं ते पाटातून वाहायचं. पहिल्याच दिवशी शेतात गेले तेव्हा मी पाटात दोन्ही पाय घालून बसले, आणि मोठ्या जाऊबाईंनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. माझी बोलीही त्यांना मजेची वाटायची. मी 'आहे'ला 'शे' म्हणायचे, 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणायचे, की जावा तोंडाला पदर लावायच्या. आमचे हे तर मी भाकरी घेऊन बांधावर दिसले की विहिरीवरूनच ओरडायचे, "पानी शे का?" स्वतः भरल्या विहिरीच्या काठावर उभे, आणि पाणी मागायचं माझ्याकडे! मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

घरात सासरे होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांचे तीन मुलगे: मोठे भाऊजी, मग आमचे हे, मग धाकटे भाऊजी. तिघांच्या चुली वेगळ्या होत्या आणि जमिनीचे पट्टेही वेगळे करून दिलेले होते. विहीर मात्र एकच होती, तिला काही वाटून देता येत नाही. म्हणून दिवस वाटलेले. प्रत्येक भावाला दोन दिवस मोट. सहा दिवसांत फेरा पुरा, सातव्या दिवशी परत पहिला. केळीला ते मानवत होतं.

आबांसारखा न्यायी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यांच्या न्यायानं आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणाच्या अन्यायानं केलं नसतं.

झालं असं, की मोठ्या जाऊबाईंना सहा मुलं झाली, धाकटीला चार, आणि मला दोन. मोठे भाऊजी एक दिवस आबांपुढे बसले आणि म्हणाले, माझ्या चुलीवर आठ तोंडं, याच्या चुलीवर चार, आणि पाणी मात्र दोघांना सारखं, हा कुठला न्याय? आबांना ते लागलं. चार दिवस ते ओट्यावर बोटं मोजत बसले. पाचव्या दिवशी ओट्यावर सगळ्यांना बोलावून त्यांनी नियम सांगितला: दोन तोंडांमागं एक दिवस. जितकी तोंडं तितकं पाणी. पोटातलं तोंडही तोंडच, कारण भरल्या पोटाची बाई दोघांचं खाते. आम्ही दोघं म्हातारी मात्र कुणाच्या खिजगणतीत नको, असंही म्हणाले.

मोठ्यांचे चार दिवस झाले, धाकट्यांचे तीन. आमचे होते तेवढेच राहिले, दोन. मी मनात म्हटलं, चला, आपलं काही गेलं नाही. पण सहा दिवसांचा फेरा नऊ दिवसांचा झाला होता. दिवस दोनच, पण सहाव्याऐवजी नवव्या दिवशी येणारे. हे माझ्या लक्षात आलं तोवर आमच्या केळीची खालची पानं पिवळी पडली होती.

आता नियम नसता तरी मुलं झालीच असती, हे मला कळतं. सासूबाईंनी अकरा वेळा पाळणा बांधला होता आणि अकरांतली चार जगली, हे तिघे आणि सासरी गेलेली एक नणंद. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, आठ व्हावी तेव्हा कुठे तीन हाताशी लागतात. त्यांच्या काळी ते खरंच होतं. आमच्या काळी देवी टोचणारे नेमानं यायला लागले. मग हिवतापाच्या पावडरीचा फवारा मारणारे आले, त्यांनी भिंतीवर खडूनं आकडे लिहिले. सासूबाईंना खात्री होती, की या पावडरीनं बायकांच्या कुशी सुकवायचा डाव आहे. ते लोक गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्यांनी भिंती शेणानं सारवून काढल्या. पण गोठा आणि आढं राहून गेलं, आणि त्या साली घरात कुणाला थंडी वाजून ताप भरला नाही. कुशी कसल्या सुकतायत! पाळणे भरले ते भरलेलेच राहिले. आमच्या घराची सगळी मांडणी पोरं मरणार या हिशेबानं बसवलेली होती, आणि पोरं मरेनात. देवाची कृपाच ती. पण विहिरीला काही बाळंतपण येत नव्हतं.

एकदा तालुक्याच्या गट-कचेरीतून ग्रामसेवक आला. पोरगेलासा होता, टोपी नवी कोरी. त्यानं ओट्यावर एक चित्र लावलं. एका बाजूला एक भाकरी आणि दोन माणसं, दुसऱ्या बाजूला तेवढीच भाकरी आणि आठ माणसं. म्हणाला, देशाचं असं होतंय, कारखाने काढा, धरणं बांधा, सगळं पोटातच जातंय. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, भाकरी मोठी करायला तुला कुणी अडवलंय? सगळे हसले. तो ओशाळला, पण नंतरही येत राहिला, कारण आमच्या यांना विहिरीवर इंजिन बसवायचं वेड लागलं होतं आणि त्याची माहिती त्याच्याकडे होती. घरात कुणाचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. आमच्या सासूबाई तर त्याच्यासमोर पोरांना आत घ्यायच्या. म्हणायच्या, हा पाळणे मोजायला येतो.

आता माझं सांगते. दुसऱ्या बाळंतपणात मी तीन दिवस अडले होते. बैलगाडीतून फैजपूर, तिथून मोटारीनं जळगाव. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलीला वाचवलं, आणि यांना बाजूला घेऊन सांगितलं, की तिसरं झालं तर बाई राहणार नाही. हे मला यांनीच सांगितलं, परतीच्या मोटारीत, खिडकीबाहेर बघत. त्यानंतर पाच वर्षं आम्ही जपून राहिलो. कधी जपणं जमलं नाही, तर मी महिनाभर देव पाण्यात घालून बसायचे. बाजूला बसायची वेळ आली, कावळा शिवला, की इतर बायका कंटाळतात. मी मागच्या अंगणात पोतं टाकून बसताना देवाला हात जोडायचे. एक महिना जगले, असं वाटायचं.

आणि सासूबाई? त्यांना डॉक्टरीणबाईचं बोलणं पटलंच नव्हतं. त्या मायेनंच म्हणायच्या, "एक होऊ दे अजून. अर्धा दिवस तरी वाढेल." मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, दोनांवर कुणी थांबतं का, मुलगा एकच, आणि एक डोळा डोळा नव्हे. सगळ्यांना माझ्या पोटाची काळजी. मला त्यात प्रत्येकीचा डाव दिसायचा.

दिवाळी झाल्यावर हे जळगावला गेले, इंजिनाची चौकशी करतो म्हणून. दोन दिवसांनी आले ते पाय फाकवून चालत. बैलानं लाथ मारली म्हणाले. कुठल्या बैलानं, तर बाजारातल्या. आठवडाभर ओट्यावर पडून राहिले, मोट धाकट्या भाऊजींनी हाकली. मी पायाला शेक द्यायला गेले तर अंगावर ओरडले. बैलाची लाथ, आणि पायावर साधा ओरखडा नाही! कपड्यांना दवाखान्यातल्यासारखा उग्र वास येत होता. मी काय समजायचं ते समजले. जळगावात काहीतरी कुलंगडं आहे, आणि त्या बाईच्या माणसांनी चोप दिलाय.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आणखी एक गोष्ट झाली. हे निर्धास्त झाले. पाच वर्षं ज्या माणसानं भीतभीत दिवस काढले, तो आता भीत नव्हता. मी अडवलं तर म्हणायचे, काही होत नाही. कसं होत नाही? डॉक्टरीणबाईचं बोलणं विसरले? रात्र गेली तरी माझ्या मनातून ते जायचं नाही. आणि हळूहळू मला उमगलं, किंवा उमगलं असं वाटलं. यांना अर्धा दिवस हवा होता. मी राहिले काय आणि गेले काय. दुसरी काय, जळगावात तयारच असेल.

असा विचार केला म्हणून आज मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी फक्त चिडलेली होते आणि घाबरलेली होते.

होळी झाली आणि धाकट्या जाऊबाईंनी सांगितलं, आपल्याला दिवस गेलेत. पाचवं. मला तर वाटलं, आठ दिवसही चढले नसतील, पाण्यासाठी घाई केली. आबांनी त्यांचा अर्धा दिवस वाढवला. फेरा साडेनवाचा झाला. आमच्या बागेत त्या वेळी घड बाहेर पडले होते. ऊन तापलं होतं. वाऱ्याला आडोसा म्हणून कडेनं लावलेल्या शेवरीतूनही झळा आत यायच्या. हे रोज बागेत जाऊन घडांखाली उभे राहायचे, हात लावायचे आणि परत यायचे. या बागेवर इंजिन यायचं होतं. घड भरले तर इंजिन, नाहीतर पुढच्या सालीही नववा दिवस, दहावा दिवस, अकरावा दिवस.

मग मी ठरवलं. पाणी हवंय ना तुम्हाला सगळ्यांना? देते. पण जीव देणार नाही. होळीला मी माहेरी होते, मागच्या वेळी बाजूला बसले तीही तिथेच, त्यामुळे इथं कुणाला पत्ता नव्हता. मी स्वतः सासूबाईंकडे गेले आणि खाली मान घालून म्हणाले, मलाही दिवस गेलेत. त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. पुढचंही मी ठरवून ठेवलं होतं. घड कापले जाईपर्यंत ओढायचं, मग एक दिवस रडून सांगायचं, की गळालं. कितीतरी बायकांचं गळतं. कोण विचारणार?

आबा लगेच विहिरीवर गेले. मी मागून भाकरी घेऊन जात होते, म्हणून मी ते पाहिलं. हे मोट हाकत होते. आबा म्हणाले, अर्धा दिवस तुझा वाढला, सुनेला दिवस गेलेत. यांचा चाबकाचा हात खाली आला. बैल तसेच उभे, भरलेली मोट वर आलेली, तिच्यातलं पाणी परत विहिरीत सांडत होतं आणि हे माझ्याकडे बघत होते. आनंदानं भांबावले असतील, असं आबांना वाटलं. मला वाटलं, बघा कसा चोर पकडला गेला. हवं होतं ते मिळाल्यावर तोंड कसं झालंय.

त्या दिवसापासून हे शेतात झोपायला जाऊ लागले. सातपुड्यातली रानडुकरं बागेत शिरतात म्हणाले. डुकरं काय त्याच साली जन्मली होती? घरी जेवायला यायचे, मान वर न करता जेवायचे. "पानी शे का?" बंद झालं. एकदा ताटावर बसल्याबसल्या विचारलं, तो ग्रामसेवक मी नसताना कितीदा येऊन गेला? मी म्हटलं, दोनदा, इंजिनाचे कागद घेऊन. त्यावर अर्ध्या भाकरीवर उठले. मला वाटलं, इंजिनाचं काही फिसकटलं.

अर्धा दिवस मिळाला, पण माझी केळी काही हिरवी होईना. एका सकाळी धुणं धुताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या खोट्या तोंडानं फेरा साडेनवाचा दहाचा झाला होता. म्हणजे मीच माझ्या केळीला अर्धा दिवस जास्त तहानलेलं ठेवलं होतं. धाकट्यांच्याही, मोठ्यांच्याही. मला त्या टोपीवाल्या पोराचं चित्र आठवलं. त्याची भाकरी तेवढीच राहत होती. आमची मात्र, जो तो आपला तुकडा मोठा करायला तोंडं वाढवत होता, आणि त्यानं भाकरीच वाळत चालली होती. आबांना हे सांगावं असं फार वाटलं. पण मी कुठल्या तोंडानं सांगणार?

चैत्रात बिबडे करायला काढले. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे हे पापड थापतात, तिन्ही चुलींचे एकत्र, अंगणभर खाटा मांडून. नेमकी त्याच सकाळी माझी बाजूला बसायची वेळ आली. बसणार कशी? दिवस गेलेली बाई बाजूला बसते का कुठे? मी कमरेला दोन फडकी जास्त गुंडाळली आणि त्या सोवळ्यातल्या पिठाला हात घातला. देवाची शप्पथ, माझा एकही बिबडा धड उतरला नाही, फडक्यावरून सोलताना सगळे तडकले. धाकट्या जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आपले सोललेले बिबडे माझ्या खाटेपासून लांब नेऊन ठेवले.

त्यानंतर आठ दिवसांनी मी यांची जुनी बंडी धुवायला काढली. केळीच्या चिकानं काळी पडलेली, म्हणून दिवाळीपासून खुंटीवरच होती. आतल्या खिशात घडी घातलेला कागद होता. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल: त्या बाईचं पत्र. मी चार इयत्ता शिकलेली. दार लावून घेतलं आणि वाचला. जळगावच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. यांचं नाव, कार्तिकातली तारीख, आणि खाली हातानं लिहिलेलं: यापुढे मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया केली आहे, पत्नीच्या जिवास धोका, टाके काढण्यास यावे.

मी ते तीनदा वाचलं. मग भिंतीला टेकून खाली बसले.

बैलाची लाथ कळली. निर्धास्तपणा कळला. बैल खच्ची करणाऱ्या या मुलखात, भावांच्या, बापाच्या तोंडची कुचेष्टा ओढवून घेईल असं काम तो माणूस गुपचूप करून आला होता, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पुढचा अर्धा दिवस, त्याच्या पुढचा अर्धा दिवस, सगळ्यावर पाणी सोडून आले होते. आणि मग विहिरीवर आबा म्हणाले, सुनेला दिवस गेलेत. तीन आठवडे तो माणूस काय मनात घेऊन माझ्या हातची भाकरी खात होता? ग्रामसेवक कितीदा आला हे त्यांनी का विचारलं, ते आता कळलं. संशय माझा स्वभाव, पण यांचा संशय माझ्यासारखा हवेतला नव्हता. यांच्याकडे कागद होता.

मी तशीच उठले आणि भर दुपारी शेतात गेले. हे शेवरीच्या सावलीत बसले होते. मी कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले, का बोलले, कुणावर संशय घेतला, सगळं. हे कागदाकडे बघत राहिले. मी पायाला हात लावायला वाकले, तर पाय मागे घेतले. मी म्हटलं, अजून काही दिवस थांबा, मी बाजूला बसेन तेव्हा तुम्हालाच कळेल.

हे म्हणाले, "बसशील. आणि गळालं म्हणून सांगशील. मग मी काय धरायचं?"

मी आधीच तसं ठरवून ठेवलं होतं हे मीच त्यांना दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. एकदा खोटं बोललेल्या बाईचं खरं कशावरून ओळखायचं? त्यांनी मारलं असतं, माहेरी पाठवलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

पुढचे दिवस मी मोजून काढले. हे शेतातच होते. मला झोप नव्हती. मला एकच कळत होतं, की हा माणूस माझ्यासाठी स्वतःला कापून घेऊन आला आणि त्या बदल्यात त्याला वाटतंय की मी त्याला फसवलं. आणि हे असंच राहिलं तर मी तिसऱ्या बाळंतपणाशिवायच मरेन.

वैशाखातली सकाळ होती. मला कावळा शिवला. मी लपवलं नाही. मागच्या अंगणात पोतं टाकलं आणि त्यावर जाऊन बसले, सगळ्यांच्या देखत. आधी पोरांनी पाहिलं. मग धाकट्या जाऊबाईंनी, त्या हातातलं सूप घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. सासूबाई धावत आल्या. आबा ओट्यावरून उतरून दाराशी आले. आणि त्याच वेळी हे शेतातून बैल घेऊन आले आणि गोठ्याच्या तोंडाशी थांबले.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "गळालं का गं, माय?"

मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर त्यांनी मला गूळपाणी दिलं असतं, आबांनी चार दिवस तरी अर्धा दिवस काढून घेतला नसता, जावांनी माझं काम ओढलं असतं. अब्रू राहिली असती. मी गोठ्याकडे बघितलं. हे बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, पण ऐकत होते.

"नाही, आत्या," मी सासूबाईंना म्हणाले. "गळालं काही नाही. नव्हतंच. मी पाण्यासाठी खोटं बोलले."

मी थांबले नाही, थांबले असते तर धीर सुटला असता. म्हणाले, चैत्रातही मी अशीच होते, बिबड्यांना याच हातांनी शिवले, तुम्हा सगळ्यांना विटाळ केला. धाकट्या जाऊबाईंच्या हातून सूप पडलं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, धुळ्याकडची ती धुळ्याकडचीच. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आबा एवढंच म्हणाले, "अर्धा दिवस मागं घेतला. आणि एवढ्या मोठ्या घरात कुणी तुझं तोंड बघू नये चार दिवस." मग त्यांनाच काहीतरी सुचल्यासारखं ते विहिरीच्या दिशेनं बघत राहिले. पुढच्या साली त्यांनी तो नियम मोडून परत प्रत्येकाला दोन दिवस केले, पण कारण कधी सांगितलं नाही.

बाकीचे सगळे आत गेले, आबा तेवढे दाराशी राहिले. मी पोत्यावर डोकं गुडघ्यांत घालून बसले. ऊन वर आलं होतं आणि मला तहान लागली होती, पण मागणार कुणाकडे?

बैल बांधल्याचा आवाज आला. मग पावलं आली. बाजूला बसलेल्या बाईला पाणी द्यायचं तर आमच्याकडे लांबून ओंजळीत ओततात, नाहीतर भांडं ठेवून माणूस मागे होतो. यांनी तसं केलं नाही. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, आबा अजून दाराशी उभे असताना, आणि लोटा माझ्या हातात दिला. बोटं माझ्या बोटांवर तशीच ठेवली.

"पानी शे," म्हणाले.

मी प्यायले. ते चार दिवस हे माझा विटाळ झाला म्हणून रोज आंघोळ करून घरात शिरायचे, आणि दुपारी परत येऊन माझ्या पोत्यावर बसायचे.